टीव्हीकडे पाठ करून बसणारे चाचा

मदत कोणी केली ते आधी सांगते, काय झालं ते मागून. मदत केली नंदुरबारच्या केबल ऑफिसातल्या चाचांनी. सगळा गाव त्यांना चाचाच म्हणायचा. शेठसुद्धा चाचाच म्हणायचे, आणि शेठ वयाने त्यांच्याहून मोठे होते. हे आधी सांगायचं कारण असं, की लिहायला बसलं की मला धाकधूक होते. मध्येच हात थांबला आणि कागद तसाच राहिला, तर निदान त्यांचं नाव पहिल्या ओळींत पडलेलं असावं.

मी सध्या सुरतेत असते. एका स्टुडिओत गाण्यांचे व्हिडिओ जोडते, कापते, रंग सारखे करते. माझं शिक्षण आठवी, तेही आश्रमशाळेतलं, तेही दिवाळीपर्यंतचं. हाताखाली दोन पदवीवाली मुलं आहेत, ती मला दीदी म्हणतात. दर वेळी त्यांनी तोंड उघडलं की वाटतं, आता विचारतील, दीदी तुमचं कॉलेज कुठलं? अजून कोणी विचारलेलं नाही. पण मी रोज तयारीत असते.

माझं गाव धडगावच्या वर, डोंगरात. आठवीच्या दिवाळीला घरी आले ती शाळेत परत गेलेच नाही. घरचे ऊसतोडीला गुजरातेत निघाले होते, त्यांच्याबरोबर गेले. अशी काही वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात आत्याबरोबर नंदुरबारला आले, मिरचीच्या पथारीवर. पथारी म्हणजे मैदानभर लाल मिरची वाळत घातलेली असते ती जागा. कडेला आम्ही बायका रांगेने बसून देठ खुडायचो. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. बोटं इतकी जळायची की जेवताना भाकरी मनगटाने धरावीशी वाटे.

तिथे एक दिवस चाचा आले. उंच, वाळके, अंगात राखाडी जाकीट, आणि जाकिटाच्या खिशांतून डोकावणारे तीन रिमोट. एका हातात फोन पुढे धरलेला, त्याचा आवाज मोठा केलेला, आणि फोनमधून एक माणूस ओरडत होता. चाचा रांगेपुढून फोन फिरवत चालले होते, जसा कोणी हरवलेल्या बकरीचा फोटो दाखवत फिरतो.

"हाऊ काय बोली ऱ्हायना? कोनले समजस का? तीन रोजफाईन फोन करी ऱ्हायना."

बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. फोनमधला माणूस आमच्या डोंगरातल्या बोलीत बोलत होता. मी मान वर न करता म्हटलं, "तो म्हणतो, लाल फेटेवाल्यांचं गाणं लावा. आणि शेवटपर्यंत लावा. त्या दिवशी तुम्ही मध्येच कापलं, त्याला पाय बघायचा राहिला."

चाचा थांबले. फोन माझ्या तोंडाशी धरला. मी त्या माणसाला आमच्या बोलीत सांगितलं, उद्या लावतील. तो एकदम गप्प झाला, आणि म्हणाला, बरं बाई. तीन दिवसांचं ओरडणं दोन शब्दांत संपलं.

"बेटा, तू चाल मन्हासंगे," चाचा म्हणाले.

आत्याने पोत्यावरचा हात उचलला नाही. "कुठं नेता हिला? अजून अर्धं पोतं बाकी आहे."

"पोतं कोनी बी खुडी लेई. हाई बोली कोन बोली?"

आत्याने त्यांना नाव, गाव, ऑफिस, घरी कोण कोण आहे ते सगळं विचारलं. दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन ऑफिस बघितलं, चाचांच्या घरी जाऊन चाचींच्या हातचा चहा घेतला, आणि मगच मला सोडलं. आत्या अशी होती म्हणून मी आज धड आहे. पण हे चाचांबद्दल आहे.

ऑफिस सायकलच्या दुकानावर होतं. एक संगणक, एक फोन, एक टीव्ही, आणि चाचांची खुर्ची. त्या खुर्चीची टीव्हीकडे पाठ होती. पहिल्या दिवशी मला वाटलं, झाडलोट करताना कोणीतरी उलटी ठेवली असेल. मी ती सरळ केली. चाचा आले, त्यांनी ती परत उलटी केली आणि बसले. समोर खिडकी, खिडकीपलीकडे अरुंद गल्ली, गल्लीपलीकडे चहाचं हॉटेल, आणि हॉटेलातल्या टीव्हीसमोर बसलेली माणसं.

"मी टीव्ही नही देखस बेटा. टीव्ही देखणाराले देखस."

हे त्यांचं काम होतं. कोणी दिलेलं नव्हतं, पगारात धरलेलं नव्हतं, पण तेच काम होतं. तीन रिमोटपैकी एक ऑफिसच्या टीव्हीचा. दुसरा हॉटेलच्या टीव्हीचा. गल्ली इतकी चिंचोळी की खिडकीतून हात बाहेर काढून दाबला की तिकडे चॅनल बदलायचा. चाचा गाणं लावायचे, कोण बशी खाली ठेवतो ते बघायचे. मग भांडणाचा कार्यक्रम लावायचे, कोण मान वर करतो ते बघायचे. बघितलेलं जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहायचे. पूर्वी ते लग्नांचं शूटिंग करत, पत्रिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे त्यांच्याकडे पडून होते. हॉटेलवाल्याने बिचाऱ्याने दोनदा मेकॅनिक बोलावला. मेकॅनिकने दोन्ही वेळा टीव्ही उघडून, फुंकर मारून, बंद केला.

तिसरा रिमोट कुठल्याच टीव्हीचा नव्हता. त्याचा टीव्ही कधीच भंगारात गेला होता. चाचा म्हणायचे, त्या टीव्हीवर पूर्ण गाणी लागायची. एवढंच. बाकी काही सांगत नसत.

ते लोकांच्या घरीही जात. दार वाजवायचे, "वायर देखाले उनू," म्हणायचे, आणि पाणी पीत पीत घरातल्यांची तोंडं न्याहाळायचे. बायकांना हे ठाऊक होतं. एकदा मी बरोबर होते तेव्हा एका ताईने धान्य निवडता निवडता म्हटलं, "चाचा, वायर बाहेर शे. मन्हा तोंडमाईन काय वायर जास?"

"जास ना माय," चाचा म्हणाले. "तठेच तं खरी जोडनी शे."

माझं काम फर्माइशीचे फोन घेणं. दुपारी एक ते दोन आमच्या लोकल चॅनलवर गाणी लागायची, खानदेशी आणि डोंगरातली. ज्यांनी मागितलं त्यांची नावं, वाढदिवसवाल्या मुलांचे फोटो, हे सगळं दोन गाण्यांच्या मध्ये वेगळ्या पाटीवर यायचं. गाण्यावर काहीही चढवायचं नाही, हा चाचांचा नियम. गाणं मध्ये कापायचं नाही, हा दुसरा. लाल फेटेवालं गाणं कापलं गेलं होतं ते वीज गेल्यामुळे, आणि त्याची सुद्धा चाचांना लाज वाटत होती. मी प्रत्येक नाव तीनदा तपासायचे. एखाद्याच्या मुलीचं नाव चुकलं तर तो डोंगर उतरून येईल आणि म्हणेल, कोणी लिहिलं हे, कितवी शिकलीय, असं मला खरोखर वाटायचं. चाचांना ते कळलं असावं. ते म्हणाले, "चुकनं तं चुकनं. पोर तीच ऱ्हास."

आश्रमशाळेत असताना अधीक्षकांच्या खोलीत टीव्ही होता. आम्ही मुली खिडकीच्या गजांना लोंबकळून बघायचो. एक गाण्यांचा चॅनल होता, दिवसभर नुसती गाणी. नंदुरबारला आल्यावर मी तोच चॅनल लावून बघितला, तर एका बंगल्यात दोन मुलगे एकमेकांच्या अंगावर धावून जात होते आणि एक मुलगी रडत होती. मला वाटलं दोन गाण्यांच्या मधली जाहिरात असेल. अर्धा तास थांबले. गाणं आलंच नाही. मी चाचांना विचारलं, गाण्यांच्या चॅनलवर आता गाणी का नाही लागत?

चाचा इतके खूश झाले की चहा मागवला. हा प्रश्न त्यांना वर्षानुवर्षं कोणी विचारला नव्हता. पण उत्तर त्यांनी एकदम दिलं नाही, रोज थोडं थोडं दिलं, जशी चाची लोणच्याची फोड मोजून वाढायच्या.

एके दिवशी त्यांनी खिडकीतून रिचार्जचं दुकान दाखवलं. तिथे मुलं मोबाईलच्या कार्डात गाणी भरून घेत होती. "पहिले गानं देखानं तं चॅनलना दारमा बठनं पडे. आते गानं खिसामा शे. चॅनलनं तोंड कोन देखी?"

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "पहिले गानंवाला सोताहून गानं दी जायेत. लावा म्हने, लोकसले देखाडा, आम्हनं नाव व्हई. मंग तेच म्हनाले लागनात, गानं आम्हनं, मंग आम्हले काय?" म्हणजे फुकटात येणारी वस्तू विकत घ्यावी लागली, आणि विकत घेऊन दिवसभर वाटणं चॅनलला परवडेना.

तिसरं कारण त्यांनी मला सांगितलं नाही, दाखवलं. हॉटेलात गाणं लावलं. सात माणसं बसली होती. गाणं चाललं तोवर सातही जण बसलेले. गाणं संपलं, आणि दुसरं सुरू व्हायच्या आत दोघं उठले. एकाने पाणी प्यायलं, एकजण चपला घालून निघून गेला. चाचांनी श्वास रोखून धरला होता. तो त्यांनी सोडला.

"देखं? गानं सरनं का दार उघडस. दर पाच मिनिटले एक दार. मानूस उठस, जास. जाहिरातवालाले बठेल मानूस पाहिजे." मग त्यांनी भांडण लावलं. उरलेले पाचही बसून राहिले, कारण भांडण संपतच नव्हतं. "भांडनले दारच नही शे. आज सरनं नही तं सकाय देखा. एक बंगला लेवाना, आठ पोरंसले त्यामा कोंडी देवानं. गानापेक्षा सस्तं."

मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "म्हणजे लोक गाण्याला कंटाळले, असंच ना?"

चाचांनी पत्रिकांचा गठ्ठा टेबलावर आपटला. रागावलेलं त्यांना मी तेव्हाच पाहिलं. "नही. लोक गानाले नही कटाळनात. अर्धा गानाले कटाळनात. पहिले खाले पट्टी लावी. मंग कोपरामा चित्र लावं. मंग गानं अर्धामा कापं. मंग म्हनतस, लोक देखतस नही. काय देखतीन? काय ठेयेल शे देखाले?"

आता शेठचं सांगते. केबलचं जाळं शेठचं होतं, चाचा त्यांचे जुने माणूस. शेठ वाईट नव्हते, पण त्यांना शांत बसलेला पैसा आणि शांत बसलेला माणूस, दोन्ही आवडत नसत. होळीच्या आधी पंधरा दिवस ते जिना चढून आले. धापा टाकत म्हणाले, गाण्याचा तास बंद करू. त्या जागी सासवा-सुनांना हॉलमध्ये समोरासमोर बसवू आणि भांडू देऊ.

"मोठमोठा चॅनलवालासनी गानं सोडी दिधं. तुम्ही काय त्यासनापेक्षा शहाना शेतस का, चाचा?"

"शहाना नही. पन ते लोकसले देखतस नही. मी देखस."

"मंग देखा. पन मी जाहिरात लयेल शे चार दुकाननी. ती गानावर लागी. दोन ओळनी पट्टी, मोठा अक्षरनी. होळीलोंग ठीक चालनं तं ठीक. नही तं सासवा-सुना."

चाचा खूप बोलले. गाण्यावर पट्टी म्हणजे जेवणाऱ्याच्या ताटावर वर्तमानपत्र टाकणं, असंही म्हणाले. शेठने ऐकलं आणि जिना उतरून गेले. चाचा कितीतरी वेळ खिडकीशी उभे राहिले. हॉटेलच्या टीव्हीवर काय चाललंय याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "टाक पट्टी. जठे कोनी देखत नही, तठे टाक." आणि घरी निघून गेले.

मी पट्टी टाकली. दोन ओळी, मोठी अक्षरं: साड्या, भांडी, मोबाईल, खतं. कुठे टाकायची याचा मला प्रश्नच पडला नाही. चाचांनी सांगितलं होतं, जिथे कोणी बघत नाही. मी ती वर टाकली.

दुपारी एक वाजता लाल फेटेवालं गाणं सुरू झालं. एक वाजून चार मिनिटांनी फोन वाजला. त्या गाण्यातला हिरो होता, नंदुरबारकडचाच एक पोरगा, स्वतःच्या हिमतीवर गाणं काढलेला. रडवेला झाला होता.

"ताई, मन्हा नवा गॉगल शे. सुरतथाईन मांगाडेल. तो कोनलेच दिसना नही."

पाठोपाठ शेठचा फोन. "नाचणारासना मुंडका कोठे गयात?"

मी पडद्याकडे बघितलं. वीस माणसांची रांग, एकमेकांच्या कमरेला हात घातलेले, आणि छातीपासून वर नुसती साड्या-भांडी-मोबाईल-खतं. मला तेव्हा कळलं की हे काहीतरी चुकलंय, पण काय चुकलंय ते कळेना. मिरचीच्या पथारीवर माझी जागा अजून रिकामी असेल का, हा पहिला विचार आला. दुसरा विचार आला, की माझ्यामुळे चाचांचा गाण्याचा तास आजच गेला.

शेठ आणि चाचा एकदमच जिना चढून आले. शेठ म्हणाले, हिला आजच घरी पाठवा. चाचांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि मला विचारलं, अगदी हळू, "बेटा, वर कसाले टाकी?"

मी म्हटलं, "तुम्हीच म्हणालात, जिथे कोणी बघत नाही तिथे. आमच्याकडे नाचात तोंड कोण बघतं चाचा? तोंड तर रोजचंच असतं. पाय बघतात. खाली टाकली असती तर सगळंच झाकलं असतं."

चाचांनी जाकिटातून तिन्ही रिमोट काढले आणि टेबलावर ठेवले, एकाशेजारी एक. तिन्ही रिमोट एकदम त्यांच्या खिशाबाहेर मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिले. मग ते हसायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते.

"शेठ," ते म्हणाले, "एवढी लग्नं शूट करी मी. सारा जलम तोंडकडे कॅमेरा धरा. आनि हाई पोर आज मले सांगी ऱ्हायनी का लोक पाय देखतस." मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पट्टी वरच ऱ्हाऊ द्या. आठ दिन. नही चालनं तं मी बी मन्ही खुर्ची उचलीसन घर जासू. पन एक शे. देखाले ऑफिसमा बठानं नही. होळीना बजारले, खापरले येवानं."

शेठ तयार झाले. चाचांनी खुर्ची पणाला लावली म्हणून झाले असतील, किंवा त्या चार दुकानांना पट्टी पूर्ण आणि स्वच्छ दिसत होती म्हणून. काय ते मला आजही सांगता येणार नाही.

ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आत्याला काही सांगितलं नाही. चाची म्हणायच्या, खा. मी म्हणायचे, खाल्लं. चाचा मात्र रोज नव्या पत्रिकेवर काहीतरी लिहायचे आणि माझ्याकडे बघून मान हलवायचे. ती मान हो म्हणतेय की नाही, ते कळायचं नाही. फोन वाढले होते, पण अर्धे फोन मुंडकी कुठे गेली हे विचारायलाच होते.

होळीच्या आधीचा, डोंगराच्या पायथ्याच्या खापर गावचा बाजार म्हणजे अख्खा सातपुडा खाली उतरतो. गुजरातेत कामाला गेलेलेसुद्धा परत आलेले असतात. गूळ, डाळ्या, साखरेचे हार, ढोलाला नवं कातडं, बाव्यांच्या, म्हणजे होळीत नवसाने नाचणाऱ्यांच्या, कमरेला बांधायचे घुंगरू, सगळं तिथेच घेतात. शेठची जोडणी खापरपर्यंत गेलेली होती. तिथल्या एका मोबाईलच्या दुकानात दोन टीव्ही होते. एकावर आमचं चॅनल. दुसऱ्यावर डिशच्या छत्रीवरून तोच मोठा गाण्यांचा चॅनल, ज्यावर गाणी नव्हती. चाचांनी ते दुकान मुद्दाम निवडलं होतं.

एक वाजता दुकानासमोर पाच-सहा माणसं होती, आणि ती बंगल्यातलं भांडण बघत होती. चाचा दोन्ही टीव्हींकडे पाठ करून पायरीवर बसले. शेठ गाडीला टेकून, हाताची घडी घालून उभे. मी कुठे उभं राहावं ते न कळून खांबामागे.

आमच्याकडे लाल फेटेवालं गाणं लागलं. ढोल वाजला तसा भांडण बघणाऱ्यांपैकी एकजण सरकला. एक बाई डोक्यावरची पाटी खाली न ठेवताच थांबली. तिने पडद्याकडे बघितलं, आणि मी बघत होते, तिची नजर वर गेलीच नाही. सरळ खाली गेली. ती शेजारणीला आमच्या बोलीत म्हणाली, "हे बघ, उजवा पाय दोनदा टाकतात, मग मागे."

शेजारीण म्हणाली, "दोनदा नाही, तीनदा."

"तुझ्या डोळ्यांत मिरची गेलीय. दोनदा."

त्या दोघींचं ते ठरेना, म्हणून त्यांनी रस्त्यातच पाय टाकून बघितला. मग त्यांच्या मागची पोरं टाकायला लागली. मग पोरांच्या मागचे बापये. कोणी कोणाच्या कमरेला हात घातला ते कळलंच नाही. तेवढ्या वेळात बाजाराचा तो तुकडा रांग होऊन हलायला लागला होता. दुकानदार बाहेर आला, म्हणाला रस्ता अडवू नका, गिऱ्हाईक कुठून येणार. मग त्याच्या लक्षात आलं की गिऱ्हाईक हेच आहे. तो तसाच आत गेला आणि आवाज वाढवला.

मग गाणं संपलं.

चाचांनी श्वास रोखला. मीही रोखला. दार उघडलं होतं.

कोणी गेलं नाही. पाटीवाली बाई दुकानदाराला म्हणाली, परत लाव. तो म्हणाला, माझ्या हातात नाही, नंदुरबारला फोन करावा लागतो. तर पंधरा-वीस जणांनी एकदम खिशातून, कमरेतून फोन काढले. नंदुरबारच्या ऑफिसात त्या दिवशी चाची बसल्या होत्या. नंतर त्या म्हणाल्या, फोन ठेवायला जागा मिळेना आणि एक अक्षर समजेना, तेव्हा मी तेच गाणं परत लावून टाकलं, करते काय?

शेजारच्या टीव्हीवर मुलगी अजून रडत होती. समोर एक म्हातारा उरला होता, तोही झोपलेला. चाचांनी तिकडे हनुवटी केली. "देखा शेठ. भांडन सरनं नही. मानसं सरनात."

शेठ गाडीला टेकलेलेच. हाताची घडी तशीच, तोंड तसंच, जसं काही घडलंच नाही. ढोल परत सुरू झाला. आणि चाचांनी, ज्यांनी जन्मभर लोकांची तोंडं वाचली, त्यांनी या वेळी तोंडाकडे बघितलंच नाही. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि नजरेने खाली दाखवलं.

शेठचा काळा बूट धुळीत हलत होता. दोनदा पुढे, मग मागे.

चाचांनी जाकिटातून पत्रिका काढली, पेन्सिल ओली केली, आणि लिहिलं. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. पण परत येताना गाडीत शेठच बोलले. समोर बघत बघत, जसं कोणी उन्हाबद्दल बोलतं. "मोबाईलवाला म्हनस, पट्टीमा त्यानं नाव मोठं पाहिजे." मग थोड्या वेळाने, "एक तास कमी पडी. एक ते तीन ठेवा." आणि ब्राह्मणपुरी गावातून जोडणी मागायला चार दिवस फोन येत होते, तिथेही ती द्यावी म्हणतो, असंही म्हणाले. सासवा-सुनांचं नाव त्यांनी पुन्हा घेतलं नाही. त्या आठवड्यात आत्याला मी सगळं सांगितलं. ती पोतं खुडता खुडता म्हणाली, "पायच बघतात. त्यात काय नवीन?"

गॉगलवाल्याचं पुढचं गाणं आलं तेव्हा त्याने लांबून, पूर्ण रांग दिसेल असं शूट केलं होतं. वर मोकळं आभाळ सोडलेलं, पट्टीसाठी. गॉगल बुटांना अडकवला होता का ते मी नीट बघितलं. नव्हता.

पट्टीचं काम करता करता मी जोडायला शिकले, कापायला शिकले. चाचा शिकवायचे, म्हणजे माझ्यासमोर बसायचे आणि मी पडद्याकडे बघत असताना माझं तोंड बघायचे. कुठे कपाळाला आठी पडली की म्हणायचे, "तठे कायतरी चुकनं, मांगे जाय." दर वेळी चुकलेलं असायचं. काही वर्षांनी सुरतेचा एक गाणी काढणारा माणूस ऑफिसात आला आणि विचारायला लागला, पट्टी वर टाकायची ही कोणाची अक्कल? चाचांनी माझ्याकडे बोट दाखवलं, आणि मला कळलं की आता जावं लागणार. मी म्हटलं, चाचा, मला भीती वाटते. तिथे सगळे शिकलेले असतील.

"भ्याव लागस तं भ्याईसन जाय," ते म्हणाले. "पन जाय."

मी तशीच आले. अजून तशीच आहे. पण इथे स्टुडिओत पट्टी कुठे टाकायची यावर वाद झाला की शेवटी सगळे माझ्याकडे बघतात.

आता दर तीन माणसांतला एकजण अंगठ्याने गाणी सरकवत बसलेला असतो, पंधरा सेकंद हे, पंधरा सेकंद ते. मी फोनवर चाचांना म्हटलं, आता तर तुमचं दार हातातच आलं. ते म्हणाले, "आते नुसतं दारच शे, घरच नही." पण हरल्यासारखं नाही म्हणाले. आमचे दुपारचे दोन तास अजून चालू आहेत. पूर्ण गाणी, पट्टी वर. ते मला कशी आहेस असं कधी विचारत नाहीत. विचारतात, "तठला लोक काय देखी ऱ्हायनात?" मी सुरतेचं सांगते, आणि पलीकडे पेन्सिलीचा आवाज येतो.

एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. एवढी वर्षं गाण्यांसाठी भांडलेल्या या माणसाने माझ्यासमोर एकही गाणं पूर्ण बघितलेलं नाही. ते बघणाऱ्यांकडेच बघत राहिले.

म्हणून हे लिहून ठेवते. आमच्या गावची होळी मी स्वतः शूट करणार आहे, घुंगरू बांधलेले बावे, पूर्ण रांग, पूर्ण पाय, एकही काप नाही. ते झालं की नंदुरबारला जाईन, सायकलच्या दुकानावरचा जिना चढेन आणि चाचांची खुर्ची टीव्हीकडे फिरवेन. ते परत उलटी करायला उठतील. मी उठू देणार नाही. मी टीव्हीकडे पाठ करून त्यांच्या समोर बसेन आणि गाणं संपेपर्यंत त्यांना बघेन. पत्रिकेची कोरी बाजू आणि पेन्सिल मी आजच पिशवीत टाकून ठेवली आहे.